सोलापूरचा पोरगा थेट चीनच्या रणांगणात

डिग्री हातात पडली की आधी काय ठरवाल? नोकरी, पॅकेज, की पुढचं शिक्षण? 1938 मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी वेगळंच ठरवलं. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून बाहेर पडलेला हा 27 वर्षांचा डॉक्टर. काँग्रेसनं युद्धात होरपळणाऱ्या चीनसाठी पाच डॉक्टरांचं पथक उभं केलं आणि त्यांनी नाव दिलं. नागपूरचे डॉ. चोळकरही सोबत होते.

तिकडं असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. चिनी शिकले. 1940 मध्ये एका लढाईत सलग 72 तास ऑपरेशन्स केली. पुढं बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 ला फिट येऊन ते गेले. वय फक्त 32, मुलगा अजून तान्हा.

आपल्या मुखेडकरांना हे परकं वाटायला नको. 1993 च्या भूकंपात किल्लारीलाही बाहेरगावचे डॉक्टर असेच धावून आले होते. उद्या कुणाला आपली गरज पडली तर? सगळेच डॉक्टर होणार नाही. पण प्रथमोपचार शिकणं, रक्त देणं तर जमेलच ना!