सर आदमजी पीरभाई आणि माथेरानची वाट

पनवेलच्या पूर्वेस निळसर दिसणारा माथेरानचा डोंगर आम्ही नित्य पाहतों. पावसाळ्यांत त्याच्या पश्चिम उतारावरचें पाणी गाढी नदींत येतें, आणि देहरंगच्या धरणांत अडविलेलें तिचें पाणी आमच्या गांवास मिळतें. डोंगराच्या माथ्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट झाडी आहे. तिच्या सावलींत हिंडण्यास व थंड हवा खाण्यास दरसाल लाखों लोक तेथें जातात. त्यांची वाट ज्यांनीं सुगम केली त्या सर आदमजी पीरभाई यांचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

आदमजींचा जन्म १८४६ च्या सुमारास काठेवाडांतील धोराजी येथें एका दाऊदी बोहरा कुटुंबांत झाला. घरची गरिबी असल्यामुळें लहान वयांतच मुंबईच्या रस्त्यांवर आगपेट्या विकण्याची पाळी त्यांच्यावर आली. पुढें लष्करास तंबू पुरविण्याच्या व्यापारांत त्यांचा उत्कर्ष झाला. चामड्याच्या व कापडाच्या धंद्यांत त्यांनीं विपुल संपत्ति मिळविली आणि ते मुंबईचे शेरीफही झाले. परंतु मिळविलेलें धन त्यांनीं पेटींत कोंडून ठेविलें नाहीं. चर्नी रोडवरील आरोग्यधाम व इस्पितळ हीं त्यांच्या औदार्याचीं साक्ष होत.

आतां माथेरानकडे वळूं. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौकच्या बाजूनें हा डोंगर चढले व त्यांनीं तेथें बंगला बांधला. यास माथेरानचा शोध म्हणतात. परंतु ठाकूर, कातकरी व धनगर यांस तो डोंगर पूर्वापार ठाऊक होता. शोध लागला तो शहरवासीयांस! पुढें बंगले वाढले, पाहुणे वाढले. नेरळ स्थानकावर उतरून कोणी तट्टावर बसे, कोणी पालखींत. आणि पालखीचा भार डोंगरच्या गरीब माणसांच्या खांद्यांवर पडे.

ह्या डोंगरावर आगगाडी न्यावी असें आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं मनांत घेतलें आणि पित्यानें त्यास भांडवल दिलें. १९०४ सालीं काम सुरू होऊन १९०७ सालीं गाडी धांवूं लागली. खर्च सुमारें १६ लाख रुपये आला. रुळांमधील अंतर अवघें २ फूट, आणि कमाल चढ २० फुटांस १ फूट. नेरळहून माथेरान सुमारें ७५० मीटर उंच आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: ह्या चढानें सरळ गेलें तरी १५ किलोमीटर रूळ लागतील. वळणें घेत घेत ते सुमारें २१ किलोमीटर झाले. त्याच वर्षीं आदमजींस सर हा किताब मिळाला, आणि १९१३ सालीं ते निवर्तले. ज्या मजुरांनीं उन्हापावसांत खडक फोडून हा मार्ग काढला त्यांचीं नांवें चरित्रांत येत नाहींत. म्हणून त्यांचेंही येथें स्मरण करितों.

डोंगराचा पाऊस मात्र कोणाचा मुलाहिजा राखीत नाहीं. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें रूळ वाहून गेले. ते दुरुस्त होऊन २००७ सालीं गाडी पुनः चालूं लागली. २००३ सालीं सरकारनें हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. माथ्यावर खासगी मोटारींस मज्जाव असल्यामुळें झाडी शांत राहिली. परंतु त्याच कारणानें हातरिक्षा ओढणाऱ्यांचे कष्टही राहिले. आगगाडी आल्यावर शतकभरानेंही माणूस माणसास ओढीतच होता! ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या ऑगस्टांत दिला.

आदमजींच्या द्रव्यानें पुष्कळ खांद्यांवरचें ओझें हलकें झालें, सर्वच उतरलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, सहलीस डोंगरावर जाल तेव्हां आपलें सुख कोण वाहून नेत आहे इकडे अवश्य लक्ष द्या, आणि त्याच्या श्रमाचा मोबदला देतांना घासाघीस करूं नका. तसेंच, रानांत टाकलेला कचरा पहिल्याच पावसांत ओढ्यांतून खालीं येतो, हें विसरूं नका. डोंगराचें पाणी अखेर आपल्याच घागरींत पडतें.