वीट वाचविणारा वास्तुशिल्पी : लॉरी बेकर

नवी इमारत उभी राहिली की तिच्या आवारात एक ढीग मागे उरतो. विटांचे तुकडे, वाळलेल्या सिमेंटचे गोळे, कापलेल्या फरश्या, निकामी फळ्या. त्याचे मोल आधीच चुकते झालेले असल्यामुळे त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. लॉरी बेकर यांनी मात्र आयुष्यभर त्या ढिगाचा विचार केला. नासाडीला गवंड्याच्या थापीपेक्षा नकाशाचा कागद अधिक जबाबदार असतो, हे त्यांनी ओळखले होते.

२ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे एका मेथॉडिस्ट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी क्वेकर पंथाचा स्वीकार केला. साधेपणा हा या पंथाच्या जीवनाचा गाभा आहे. १९३७ साली वास्तुशास्त्राचे शिक्षण पूर्ण झाले. पण लवकरच महायुद्ध पेटले. शस्त्र न धरणाऱ्या क्वेकरांच्या रुग्णसेवा पथकातून ते चीनमध्ये गेले आणि तेथे कुष्ठरोग्यांच्या सेवेतही रमले. मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत मुंबईत काही महिने थांबावे लागले आणि तेथेच त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराचे साहित्य त्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला.

१९४५ साली ते भारतात परतले ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनचे वास्तुशिल्पी म्हणून. १९४८ साली डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हिमालयातील पिथोरागढ येथे या दांपत्याने सुमारे सोळा वर्षे रुग्णसेवा केली. पुस्तकी शिक्षण येथे अपुरे पडले. डोंगरातील निरक्षर कारागीर जवळचा दगड, माती आणि लाकूड वापरून भक्कम घरे बांधीत. बेकर त्यांचे शिष्य झाले. पुढे हे कुटुंब केरळात गेले आणि अखेरीस तिरुवनंतपुरम येथे स्थिरावले.

त्यांचा हिशेब साधा होता. शंभर चौरस फुटांची खोली पाच बाय वीस फुटांची केली, तर पन्नास फूट लांबीची भिंत लागते. दहा बाय दहाची केली, तर चाळीस फूट. तीच खोली वर्तुळाकार केली, तर जेमतेम साडेपस्तीस फूट. राहण्याची जागा तितकीच, पण भिंत कमी. म्हणजे विटा, चुना आणि मजुरीही कमी. वळणाची भिंत एकाच विटेच्या जाडीची असली तरी आपल्या वळणामुळेच तोल सांभाळते. अर्थात गोल खोलीत चौकोनी फरशी कापावी लागते आणि अरुंद भूखंडावर वर्तुळ बसत नाही. म्हणून जागा, झाडे, उतार आणि कुटुंबाची गरज प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ते आराखडा करीत नसत. झाड आड आले, तर भिंत वळे. झाड तुटत नसे.

विटा काठावर उभ्या ठेवून मध्ये पोकळी राखणारी रचना त्यांनी लोकप्रिय केली. तिच्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे घर थंड राहते. सिमेंटच्या छताच्या तळाकडील भागात काँक्रीटवर फारसा भार नसतो. तेथे ते जुनी मंगलोरी कौले घालीत. खिडकीच्या जागी विटांची जाळी येई, आणि भिंतीला गिलावा नसे. पाडलेल्या वाड्यांची दारे त्यांच्या घरांत पुन्हा उभी राहत.

ही घरे गरिबांची, ती टिकायची नाहीत, असे पुष्कळांना वाटे. बांधकामाच्या एकूण खर्चावर टक्केवारीने मोबदला घेण्याच्या व्यवसायात खर्च कमी करणारा माणूस अडचणीचाच. बेकर यांनी उत्तर दिले ते बांधून. १९७० च्या दशकात त्यांनी उभारलेला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेचा परिसर, लोयोला शाळेचे प्रार्थनामंदिर आणि पुढे बसस्थानकाजवळील चक्राकार इंडियन कॉफी हाऊस यांची गणना आज तिरुवनंतपुरमच्या नामांकित वास्तूंत होते. १९८५ साली अर्थतज्ज्ञ के. एन. राज, माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आदींसमवेत त्यांनी ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था स्थापिली. त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ‘हॅम्लेट’ या आपल्या घरी त्यांनी देह ठेवला. ते घर खडकाळ उतारावर, खडक न फोडता, बऱ्याच अंशी जुन्या साहित्यातून वाढत गेले होते. वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर नकाशे काढणारा हा माणूस कागदही वाया जाऊ देत नसे. वाचकहो, आपले घर, शाळा वा मंदिर बांधावयास काढाल, तेव्हा पहिली वीट आणण्यापूर्वी नकाशावरील प्रत्येक भिंतीला ती कशासाठी उभी आहे, एवढे तरी विचारून पाहा.