प्रफुल्लकुमार सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५ – २२ जुलै १९८२) हे हृदय व रक्तवाहिन्यांवरील शस्त्रक्रियांचे भारतातील एक आद्य शल्यविशारद होते. भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण त्यांनी १९६८ साली मुंबईत केले. महाधमनीच्या एका दुर्मीळ विकाराचा त्यांनी केलेला अभ्यास मात्र त्या तुलनेने कमी परिचित आहे. तरुण वयात येणाऱ्या पक्षाघाताच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा मानावा लागेल.

कार्यक्षेत्र

सेन हे बंगाली होते. परंतु त्यांची कर्मभूमी मुंबईच राहिली. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयात त्यांनी शल्यचिकित्सेचे अध्यापन व शस्त्रक्रिया केल्या. सार्वजनिक रुग्णालय असल्याने तेथे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून गोरगरीब रुग्ण येत, आणि पुष्कळदा रोग बळावल्यावरच येत. अशा रुग्णांमध्ये सेन व त्यांच्या सहकाऱ्यांना महाधमनीचे असे विकार आढळले, ज्यांचे पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णन अपुरे होते.

महाधमनीच्या विकारांचा अभ्यास

हृदयातून निघणारी महाधमनी प्रथम कमानीसारखी वळते. या कमानीतून मेंदूकडे व हातांकडे जाणाऱ्या धमन्या फुटतात. पुढे ती छातीतून पोटात उतरते व तेथे मूत्रपिंडांना शाखा देते. महाधमनीशोथ या रोगात तिच्या भिंतीला दाह होतो, भिंत जाड होते आणि आतील मार्ग अरुंद होत जातो. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने १९०८ साली एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांत झालेले बदल नोंदवले होते. त्यामुळे हा रोग त्याच्याच नावाने ओळखला जातो. जपानमध्ये मुख्यतः कमान व तिच्या शाखा बाधित होतात आणि मनगटाची नाडी लागेनाशी होते. भारतातील रुग्णांत छातीचा खालचा व पोटातील भाग, तसेच मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झाल्याचे अधिक प्रमाणात दिसते.

रोग एकच, पण त्यातून पक्षाघात दोन वाटांनी येतो. मानेतील धमन्या अरुंद झाल्या तर मेंदूला रक्त अपुरे पडते किंवा रक्ताची गुठळी अडकते. महाधमनीचा मधला भाग वा मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झाल्या, तर रक्तदाब फार वाढतो व मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रुग्ण बहुधा चाळिशीच्या आतील आणि त्यांतही स्त्रिया अधिक. त्यामुळे या वयात रक्तदाब मोजण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. दोन्ही हातांची व पायांची नाडी तपासणे, हात आणि पाय यांतील रक्तदाबाची तुलना करणे या साध्या कृतींनी संशय घेता येतो.

सेन, विकृतिशास्त्रज्ञ सु. ग. किणरे, जी. बी. परुळकर आदींनी १९६३ साली ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात मध्य महाधमनी लक्षणसमूहावर लेख प्रसिद्ध केला. १९७३ साली १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा प्रबंधग्रंथ मुंबईत प्रकाशित झाला. महाधमनीचे जन्मजात आकुंचन हा यापासून वेगळा दोष आहे. तो सहसा डाव्या हाताकडे जाणारी धमनी फुटते त्याच्या जवळ असतो. अशा काही रुग्णांच्या मेंदूतील धमन्यांवर फुगेही असतात व ते फुटून रक्तस्राव होतो.

हृदयाला नवा रक्तपुरवठा

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते आणि तिला आतल्या पोकळीतूनच थेट रक्त मिळते. हे पाहून सेन यांनी हृदयस्नायूला सुईने सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त पुरवण्याची कल्पना मांडली. ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. छिद्रे टिकत नाहीत, ही तिची मर्यादा पुढे स्पष्ट झाली. तरीही लेझरने छिद्रे पाडण्याच्या नंतरच्या पद्धतीमागे हीच कल्पना होती.

हृदयप्रत्यारोपण

ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउन येथे पहिले प्रत्यारोपण केल्यावर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, सेन यांनी केईएममध्ये ही शस्त्रक्रिया केली. मानवी हृदय मानवात बसवण्याचा हा जगातील सहावा प्रयत्न होता. रुग्ण सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी केलेला दुसरा प्रयत्नही यशस्वी झाला नाही. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, नव्या अवयवाचा शरीराकडून होणारा नकार रोखणारी प्रभावी औषधेही हाताशी नव्हती. या दोन अडचणी लक्षात न घेता त्या धाडसाला केवळ अपयश म्हणणे न्याय्य ठरणार नाही.

भारत सरकारने १९६९ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा देशात १९९४ साली झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. सेन यांच्या निधनाला तेव्हा बारा वर्षे झाली होती.