पंडितांनी अमेरिकन सरकारला कोर्टात हरवलं, तेही गोरं की काळं या वादात न पडता

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कंपन्यांतून प्रोजेक्टवर अमेरिकेला गेलेल्या मंडळींच्या घरी एक चर्चा हमखास होते. बाळ तिकडे जन्मलं तर ते अमेरिकन, मग आई-बाप कोण?

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्मसिद्ध नागरिक असावं लागतं, पण जन्मसिद्ध म्हणजे नेमकं काय हे घटनेत कुठंच सांगितलेलं नाही. 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व दिलं. पुढं 1898 मध्ये वाँग किम आर्क या चिनी आई-बापांच्या मुलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. पण बाहेरून आलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी 1790 चा कायदा होता. नागरिकत्व फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसाला. 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले, आशियाई मात्र बाहेरच राहिले.

याच कायद्याशी सखाराम गणेश पंडित यांची गाठ पडली.

नाव ऐकून मराठी घर डोळ्यांसमोर येतं, जन्म मात्र 1875 चा, अहमदाबादचा. 1906 मध्ये ते अमेरिकेला गेले, व्याख्यानं देत फिरले आणि लॉस एंजेलिसमध्ये स्थिरावले. 1914 मध्ये तिथल्या कोर्टात त्यांनी नागरिकत्व मागितलं. सरकारी अधिकाऱ्यानं विरोध केला, पण कोर्टानं पंडितांना गोरं मानलं. हे काही आक्रीत नव्हतं. 1910 मध्येच अपील कोर्टानं मुंबईच्या भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थांचं नागरिकत्व कायम ठेवलं होतं. पंडितांच्या निकालाविरुद्ध सरकारनं अपील केलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं सगळा खेळ यावरच फिरला.

पंडित वकील झाले. 1920 मध्ये त्यांनी अमेरिकेतच जन्मलेल्या लिलियन यांच्याशी लग्न केलं.

मग भगतसिंग थिंद यांचा खटला आला. थिंद पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांच्या वकिलांच्या चमूत पंडितही होते. काही महिन्यांपूर्वीच, ओझावा नावाच्या जपानी माणसाला नकार देताना सुप्रीम कोर्टानं गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा असं म्हटलं होतं. त्या काळच्या वंशशास्त्रात उत्तर भारतीय कॉकेशियनमध्येच मोडायचे. म्हणजे थिंद जिंकायलाच हवे होते. पण 19 फेब्रुवारी 1923 ला त्याच कोर्टानं सांगितलं की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. सोयीचा होता तोवर शास्त्राचा आधार, नाहीतर रस्त्यावरच्या माणसाचा!

या निकालाच्या जोरावर सरकारनं आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची कागदपत्रं रद्द करायला सुरुवात केली. पंडितांवरही खटला आला. नागरिकत्व गेलं असतं तर वकिलीही धोक्यात होती. आणि लिलियन? त्या काळच्या कायद्यात बायकोचं नागरिकत्व नवऱ्याच्या नागरिकत्वाला बांधलेलं होतं. अमेरिकेत जन्मूनही त्या परक्या ठरल्या असत्या. जन्मानं मिळालेला हक्कही, बाईचा असेल तर, इतका पक्का नव्हता.

पंडितांनी कातडीच्या रंगावर वाद घालणं टाळलं. त्यांचा मुद्दा साधा होता. 1914 ला कोर्टानं दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला, सरकार हजर होतं आणि तरी अपिलात गेलं नाही. त्या निकालावर विसंबून एका माणसानं आयुष्य उभं केलं. आता तोच प्रश्न पुन्हा उकरून काढता येणार नाही. जिल्हा न्यायालयानं ते मानलं, 1926 मध्ये अपील कोर्टानंही मानलं. 1927 मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारची याचिका ऐकायलाच नकार दिला.

यानंतर सरकारनं भारतीयांविरुद्धची ही मोहीम सोडून दिली. पण ज्यांचं नागरिकत्व आधीच गेलं होतं त्यांना या निकालाचा उपयोग झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई त्यांपैकीच एक. त्यांनी 1928 मध्ये आत्महत्या केली.

भारतीयांना नागरिक होण्याचा रस्ता कायद्यानं मोकळा झाला तो 1946 मध्ये, आणि तेव्हाही वर्षाला जेमतेम 100 भारतीयांनाच स्थलांतर करून येण्याची मुभा होती. पंडित ते पाहायला होते. 1959 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अमेरिकन नागरिकच होते.