शब्दांचा वेग मोजणारा शास्त्रज्ञ

नव्याने वाचायला शिकणारा माणूस एकेक अक्षर जुळवत पुढे जातो. सराव झालेला वाचक मात्र ओळीवरून सहज नजर फिरवतो. हा फरक कशामुळे पडतो? या प्रश्नाचा प्रयोगांच्या आधारे शोध घेणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांमध्ये जेम्स मकीन कॅटेल यांचे नाव आदराने घेतले जाते.

कॅटेल यांचा जन्म २५ मे १८६० रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन या गावी झाला. पदवी मिळवल्यानंतर उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले. तेथे लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली होती. मनाच्या व्यापारांचा केवळ तर्क न करता ते उपकरणांनी मोजावेत, अशी तेथील दृष्टी होती. वुंट यांच्या मार्गदर्शनाखाली कॅटेल यांनी १८८६ मध्ये डॉक्टरेट संपादन केली.

या काळात त्यांनी वाचनावर महत्त्वाचे प्रयोग केले. फिरत्या नळकांड्यावर अक्षरे चिकटवून ती पडद्याच्या फटीतून दाखवायची आणि ती किती वेगाने वाचता येतात हे मोजायचे, अशी एक पद्धत होती. सुटी, असंबद्ध अक्षरे वाचण्यास शब्दांतील अक्षरांच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो, असे त्यांना आढळले. असंबद्ध शब्दांनाही वाक्यातील शब्दांच्या सुमारे दुप्पट वेळ लागत असे. याचाच अर्थ असा, की मन अक्षरांची केवळ मोजदाद करत नाही. ओळखीच्या आणि अर्थपूर्ण समूहाचे ते एकदम आकलन करते.

कॅटेल यांनी स्वतःलाही प्रयोगातून वगळले नाही. अतिशय वेगाने वाचताना मातृभाषा इंग्रजीतील एका शब्दाला त्यांना सेकंदाचा १३८ सहस्रांश इतका वेळ लागे. जर्मन शब्दाला २५०, तर ग्रीक शब्दाला ४८४ सहस्रांश लागत. वाचक तोच, डोळे तेच. केवळ भाषेचा परिचय कमी झाला आणि वेग मंदावला.

मायदेशी परतल्यावर ते पेनसिल्व्हेनिया आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रतिक्रियेचा वेग, स्पर्शाची संवेदना यांसारख्या मोजमापांतून माणसाच्या क्षमतेची कल्पना येईल, या आशेने १८९० मध्ये त्यांनी मानसिक चाचण्यांची योजना मांडली. मात्र १९०१ मध्ये त्यांच्याच विद्यार्थ्याने, क्लार्क विस्लर यांनी, या चाचण्यांचा विद्यार्थ्यांच्या अभ्यासातील गुणांशी फारसा संबंध नाही, असे दाखवून दिले. गुरूची कल्पना शिष्याने पुराव्याने खोडून काढली.

पहिल्या महायुद्धात, सक्तीने भरती केलेल्या सैनिकांना युरोपात पाठवू नये, अशी विनंती कॅटेल यांनी अमेरिकन लोकप्रतिनिधींना केली. त्यामुळे १९१७ मध्ये कोलंबियातील त्यांचे पद गेले. तरीही ‘सायन्स’ या नियतकालिकाचे संपादन त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. २० जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

शब्दात असलेले अक्षर सुट्या अक्षरापेक्षा अधिक अचूक ओळखता येते, हे पुढे १९६९ मध्ये जेराल्ड रायशर यांच्या प्रयोगाने दाखवून दिले. भावना जागवणाऱ्या शब्दांच्या आकलनाचाही नंतरच्या संशोधकांनी अभ्यास केला. नव्या वाचकासाठी कॅटेल यांच्या कार्याचा अर्थ आश्वासक आहे. वाचनाचा मंद वेग हे बुद्धी कमी असल्याचे लक्षण नव्हे. शब्दांशी परिचय वाढला आणि अर्थाची साथ मिळाली, की वेग आपोआप येतो.