खाटेवरून उठण्याचा हक्क

लंडनच्या पश्चिमेला आयझलवर्थ येथे वेस्ट मिडलसेक्स रुग्णालय आहे. १९३५ मध्ये शेजारच्या गरीबखान्याचा दवाखाना या रुग्णालयाकडे आला. त्याबरोबर ७१४ रुग्णही आले. बहुतेक वृद्ध, निराधार, वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले. त्यांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर पडली.

१८९७ मध्ये जन्मलेल्या मार्जरी १९२६ पासून याच रुग्णालयात होत्या आणि त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. वृद्धांचे वैद्यक असा विषयच तेव्हा नव्हता. जुनाट रोगी हेच अनेकांचे निदान आणि दोन वेळचे जेवण व चादर बदलणे हाच उपचार.

वॉरन यांनी अगदी साधी गोष्ट केली. एकेका रुग्णाला नीट तपासले. कोणाला जुना अर्धांगवायू होता, पण पाय हलत होता. कोणी केवळ पडून राहिल्यामुळे अधू झाले होते. सतत झोपून राहिले की स्नायू झिजतात, गुडघे आखडतात, पाठीवर जखमा होतात, छातीत कफ साठतो, लघवीवरचा ताबा जातो. मग आपण म्हणतो, वय झाले. यातले बरेचसे वयाने नव्हे, खाटेने केलेले असते. आजही वॉर्डात सत्तरी ओलांडलेला रुग्ण दिसला की केसपेपरवर निदानाच्या जागी वयच लिहिण्याचा मोह होतो, हे सरकारी रुग्णालयात काम करणारा कोणीही नाकारणार नाही.

त्यांनी रुग्णांचे गट पाडले: हिंडते-फिरते, अंथरुणावरचे, लघवी-शौचावर ताबा नसलेले, भ्रमिष्ट. प्रत्येकाची गरज वेगळी. उदास भिंतींना फिकट रंग दिला, उजेड वाढवला, खुर्च्या आणल्या, खाटांवर लालभडक पांघरुणे घातली. व्यायामोपचार सुरू झाले. अर्धांगवायूच्या रुग्णाला शक्य तितक्या लवकर बसवायचे, मग उभे करायचे, मग चालवायचे. कितीतरी जण घरी गेले. पुढे सुमारे २४० खाटांत काम भागू लागले. जे कायमचे राहणार होते, त्यांनाही उजेड, सोबत आणि हाताला काही काम मिळायला हवे, याबद्दल त्या तितक्याच आग्रही होत्या. मला हा भाग अधिक मोलाचा वाटतो. बरे होणाऱ्यासाठी धावायला सगळेच तयार असतात.

१९४३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणि १९४६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी आपले म्हणणे मांडले. वृद्धांना वेगळ्या कोपऱ्यात टाकू नका, त्यांचा विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच हवा. तिथे तपासण्या असतात, तज्ज्ञ असतात आणि शिकणारे विद्यार्थीही असतात. वृद्धांची तपासणी पाहिलीच नाही तर उद्याचा डॉक्टर ती करणार कशी? कोणालाही कायमचे संस्थेत ठेवण्यापूर्वी त्याची पूर्ण तपासणी व्हावी आणि सुधारणेची संधी मिळावी, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

१९४७ मध्ये काही समविचारी डॉक्टरांबरोबर त्यांनी वृद्धांच्या उपचारांसाठी वैद्यकीय संघटना स्थापन केली. तीच पुढे ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिच्यात वृद्धांचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून वाढत गेली.

वॉरन यांनी आयझलवर्थचे रुग्णालय मात्र सोडले नाही. सप्टेंबर १९६० मध्ये जर्मनीला जात असताना फ्रान्समध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत त्या कामावरच होत्या.