पिकॅडिलीच्या खिडकीतले कुलूप

बँकेचे, दवाखान्याचे किंवा कार्यालयाचे दार लोटून आत जाणारा माणूस सहसा मागे वळून पाहत नाही. दार आपोआप, आवाज न करता मिटते आणि कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेत जाऊन बसते. ही किमया दाराच्या माथ्यावर बसवलेल्या लांबट पेटीची, म्हणजेच डोअर क्लोजरची असते. दार उघडले की तिच्यातली स्प्रिंग दाबली जाते. दार सोडले की तीच स्प्रिंग दाराला परत ओढू लागते. पण पेटीत तेल भरलेले असते. दट्ट्याने ढकललेल्या त्या तेलाला एका अरुंद वाटेनेच निसटता येते, म्हणून दार आदळत नाही, सावकाश मिटते.

जाणता कारागीर ही पेटी बसवण्याआधी बिजागऱ्या तपासतो. दार झुकलेले असेल किंवा चौकटीला घासत असेल, तर कितीही महागडा क्लोजर लावला तरी तो व्यर्थ. मग दाराच्या वजनाला आणि रुंदीला साजेशी ताकद निवडायची, सोबत आलेला कागदी साचा बिजागरीच्या रेषेपासून मोजून चिकटवायचा, त्यावरून भोके पाडायची आणि अखेरीस दोन बारीक स्क्रू फिरवून वेग जमवायचा. एक स्क्रू दाराच्या मोठ्या फेऱ्याचा, दुसरा शेवटच्या काही इंचांचा. हे स्क्रू किंचित किंचितच फिरवायचे असतात. एखादा पुरता बाहेर काढला तर तेल गळते आणि पेटी निकामी होते. घाईघाईने बसवलेला क्लोजर एक तर दार आदळवतो, नाही तर ते अर्धवट उघडे ठेवतो. इमारतीला आग लागली असता जिन्याचे अर्धवट उघडे राहिलेले दार म्हणजे धुराला मोकळी करून दिलेली वाट असते.

वस्तू कितीही उत्तम असली तरी ती जागेवर नीट बसली तरच तिचा उपयोग, हे सत्य अठराव्या शतकातील एका इंग्रज सुताराने स्वतःच्या कामातून ओळखले होते. त्याचे नाव जोसेफ ब्रामा. डोअर क्लोजर ही काही त्याची निर्मिती नव्हे; ते उपकरण त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने आले. परंतु बिजागरीवर मिटणारी झडप, कुशल कुलूप आणि सिलिंडरमध्ये कोंडलेल्या द्रवाचा दाब या तिन्ही गोष्टींशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

यॉर्कशायरमधील बार्न्सलीजवळच्या स्टेनबरो या गावी १७४८ साली एका शेतकरी कुटुंबात ब्रामाचा जन्म झाला. मुलाने वडिलांप्रमाणे शेती करावी हा त्या काळचा रिवाज होता आणि कदाचित तसेच घडलेही असते. पण वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि नांगरामागे चालणे त्याला अशक्य झाले. लाकूडकामाची आवड लहानपणापासून होतीच. गावाकडच्याच एका सुताराकडे तो उमेदवारीला राहिला आणि शिक्षण संपताच नशीब काढायला लंडनकडे निघाला. लंगडत्या पायाने त्याने हा दूरचा प्रवास चालत केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

लंडनमध्ये सुतारकामाबरोबरच त्याला एक नवे काम मिळाले. श्रीमंतांच्या घरांत पाण्याने धुतले जाणारे शौचकूप बसवण्याची तेव्हा सुरुवात झाली होती. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा शौचकूपाचे पेटंट घेतले होते. ॲलन नावाच्या गृहस्थाच्या हाताखाली ब्रामा ही भांडी घरोघर बसवू लागला. बसवणाऱ्याला जे दिसते ते पुष्कळदा आखणाऱ्याला दिसत नाही. भांड्याच्या तळाशी सरकणारी पट्टी असे. कडाक्याच्या थंडीत ती गोठून अडकून बसे आणि मग सारी व्यवस्थाच कोलमडे. सरकत्या पट्टीऐवजी बिजागरीवर उघडणारी व मिटणारी झडप लावावी, ही सुधारणा पुढे आली. दाराचीच ही छोटी आवृत्ती. या कल्पनेत ॲलनचा वाटा मोठा होता असे मानले जाते. परंतु १७७८ मध्ये पेटंट निघाले ते ब्रामाच्या नावाने. ब्रामाने भांड्यांचा कारखाना काढला आणि त्याची भांडी इतकी टिकाऊ ठरली, की राणी व्हिक्टोरियाच्या आयल ऑफ वाइट बेटावरील ऑस्बोर्न हाउस या निवासस्थानीही ती बसवली गेली. कल्पना कोणाची आणि नाव कोणाचे, हा प्रश्न मात्र येथे प्रथम उपस्थित झाला आणि ब्रामाच्या आयुष्यात तो पुन्हाही येणार होता.

त्या काळचे लंडन संपत्तीने फुगत होते आणि त्याबरोबर चोरांचाही सुळसुळाट झाला होता. दारांना लावलेली बहुतेक कुलपे थोड्या सरावाने वाकड्या तारेने उघडत. प्रचलित कुलपांचा ब्रामाने बारकाईने अभ्यास केला, त्यांतील दोष दाखवणारा एक प्रबंधही लिहिला आणि १७८४ मध्ये आपल्या कुलपाचे पेटंट घेतले. या कुलपाची किल्ली म्हणजे एक छोटी पोकळ नळी. तिच्या टोकाला कमी-अधिक खोलीच्या खाचा कापलेल्या असतात. कुलपाच्या आत गोलाकार रांगेत बारीक सरकपट्ट्या असतात आणि प्रत्येकीमागे स्प्रिंगचा रेटा असतो. किल्ली आत दाबली की प्रत्येक पट्टी आपापल्या खाचेच्या मापाइतकीच मागे सरते. सर्व पट्ट्या नेमक्या जागी आल्या तरच कुलपाचा गाभा फिरतो. एक जरी पट्टी केसभर पुढे-मागे राहिली, तर तो हलत नाही.

कल्पना सुरेख होती. अडचण होती ती निर्मितीची. असे कुलूप हाताने, कानशीने घासून बनवायचे तर एकेका नगाला फार वेळ लागे आणि किंमत आवाक्याबाहेर जाई. थोडी ढिलाई राहिली तर कुलपाची सुरक्षितताच संपे. या कोंडीतून वाट काढण्यासाठी ब्रामाने १७८९ मध्ये वुलिच येथील शस्त्रागारात काम करणाऱ्या एका अठरा वर्षांच्या तरुणाला बोलावून घेतले. त्याचे नाव हेन्री मॉडस्ले. हा मुलगा कोवळा दिसत असला तरी त्याच्या हातात विलक्षण कसब होते. थोड्याच काळात तो कारखान्याचा मुख्य कारागीर झाला. कुलपाचे भाग एकाच मापाचे, अचूक आणि झटपट कापणारी यंत्रे या दोघांनी मिळून उभी केली. माणसाच्या हाताची थरथर बाजूला सारून हत्याराला यंत्रानेच धरायचे, हे तत्त्व त्या कारखान्यात रुजले. पुढील काळातील साऱ्या यंत्रनिर्मितीचा पाया या तत्त्वावर रचला गेला.

पिकॅडिलीतील १२४ क्रमांकाच्या दुकानाच्या खिडकीत ब्रामाने अठरा सरकपट्ट्यांचे एक कुलूप मांडून ठेवले. सोबत पाटी होती. हे कुलूप उघडेल असे हत्यार जो कोणी बनवील, त्याला दोनशे गिनींचे बक्षीस तिथल्या तिथे मिळेल, असे त्या पाटीवर जाहीर केले होते. कुशल कारागिराला वर्षभर घाम गाळूनही इतकी रक्कम मिळत नसे. लोक येत, काचेतून कुलूप पाहत आणि निघून जात. वर्षांमागून वर्षे गेली, पण बक्षीस तसेच राहिले.

दरम्यान ब्रामाची बुद्धी दुसरीकडे वळली होती. बंदिस्त द्रवावर दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकातच मांडला होता. ब्रामाने त्याचे यंत्र केले. एक चौरस सेंटिमीटरच्या लहान दट्ट्यावर एक किलो भार दिला, तर शंभर चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या दट्ट्यावर शंभर किलोंचा जोर येतो. मोबदल्यात मोठा दट्ट्या लहान दट्ट्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाच सरकतो. १७९५ मध्ये त्याने या दाबयंत्राचे पेटंट घेतले.

येथेही अडचण आली ती दट्ट्या नीट बसवण्याचीच. दट्ट्या सैल ठेवला तर प्रचंड दाबाखाली पाणी बाजूने उसळून बाहेर येई. घट्ट आवळला तर तो हालेनासा होई. यावर उपाय निघाला तो चामड्याच्या एका दुमडलेल्या कड्याचा. दाब वाढला की पाणी या कड्याच्या घडीत शिरून त्याच्या कडा दट्ट्याशी आणि भिंतीशी अधिकच घट्ट दाबते. दाब उतरला की कडे आपसूक सैल होते. जो दाब गळती घडवतो तोच ती थांबवतो. ही युक्ती मॉडस्लेची होती, अशी नोंद जुन्या अभियंत्यांनी करून ठेवली आहे. तेलावर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत आजही याच धर्तीची कडी असतात, फक्त चामड्याची जागा रबराने आणि कृत्रिम पदार्थांनी घेतली आहे.

मॉडस्लेला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. त्याचे लग्न झाले होते, संसार वाढत होता. १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली आणि ब्रामाने ती साफ नाकारली. मॉडस्ले बाहेर पडला आणि त्याने लंडनमध्येच स्वतःचे छोटे दुकान थाटले. पुढे पोर्ट्स्मथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रमालिका त्याने उभारली, स्क्रू कापणारा अचूक लेथ घडवला आणि इंग्लंडच्या यंत्रकारांची एक आख्खी पिढी आपल्या हाताखाली तयार केली. काही शिलिंगांच्या हट्टापायी ब्रामाने आपला सर्वांत मोठा सहकारी गमावला, हा त्याच्या आयुष्यातला व्यवहाराचा सर्वांत महाग धडा म्हणावा लागेल. कुलपाच्या पट्टीतला केसभर फरक ज्याच्या नजरेतून सुटत नसे, त्याला शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे मोल जोखता आले नाही.

स्वभावाने ब्रामा हट्टी आणि लढाऊ होता. त्याच वर्षी बोल्टन आणि वॅट यांच्या वाफेच्या यंत्राच्या पेटंटचा खटला गाजत होता. त्यात ब्रामा वॅटच्या विरोधात उभा राहिला आणि न्यायाधीशांना उद्देशून लिहिलेले एक दीर्घ पत्र त्याने छापून प्रसिद्ध केले. स्वतः पेटंटांवर जगणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या पेटंटवर असा हल्ला चढवावा, हे विसंगत वाटले तरी त्याच्या मूळ स्वभावाला धरूनच होते.

त्याचे काम मात्र थांबले नाही. तळघरातील पिंपातून बिअर वर ओढणारा पंप, लाकूड रंधणारे मोठे यंत्र, अग्निशमनाचे पंप अशी एकामागून एक साधने त्याने तयार केली. बँक ऑफ इंग्लंडचे कारकून तोवर नोटांवरचे क्रमांक हाताने लिहीत असत; ते छापणारे यंत्र ब्रामाने १८०६ मध्ये दिले. अखेरच्या काळात जोसेफ क्लेमेंट हा आणखी एक गुणी कारागीर त्याच्या पिम्लिकोच्या कारखान्यात होता. पुढे चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग याच क्लेमेंटने घडवले.

दाबयंत्राने झाडे मुळासकट उपटता येतात, हे दाखवण्याचे काम ब्रामाने वयाच्या पासष्टीनंतर अंगावर घेतले. हॅम्पशायरमधील होल्टच्या जंगलात तो कडाक्याच्या थंडीत स्वतः उभा राहून देखरेख करीत होता. तेथे त्याला सर्दी झाली, ती फुप्फुसांत उतरली आणि ९ डिसेंबर १८१४ रोजी त्याचे निधन झाले. आपले यंत्र जागेवर नीट चालते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची उमेदवारीतली सवय शेवटपर्यंत सुटली नाही आणि तीच त्याच्या मृत्यूला निमित्त ठरली.

खिडकीतले कुलूप त्याच्या पश्चात तिथेच होते. १८५१ मध्ये लंडनला भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ तेथे आला. चब कंपनीचे नावाजलेले कुलूप त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवले आणि मग पिकॅडिलीकडे मोर्चा वळवला. पंचांची समिती नेमली गेली. सोळा दिवसांच्या मुदतीत, एकूण एक्कावन्न तास खपून हॉब्जने ब्रामाचे कुलूप उघडले. वापरलेल्या साधनांवरून वाद झाला, पण अखेर दोनशे गिनी त्याला देण्यात आल्या. कोणतेही कुलूप अभेद्य नसते, हा धक्का इंग्लंडला मोठा होता. तरीही एवढे खरे, की कोणत्याही चोराला परक्या दाराशी एक्कावन्न तास निवांत बसायला मिळत नाही. कुलपाने आपले काम चोख बजावले होते.

दाबयंत्राची वाटचाल तर याहून मोठी ठरली. मेनाई सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया पुलाच्या अजस्र लोखंडी नळ्या १८४९-५० मध्ये याच तत्त्वावरील यंत्रांनी उचलल्या. आज गॅरेजमधील जॅकपासून माती उकरणाऱ्या जेसीबीपर्यंत कोंडलेल्या द्रवाचाच जोर राबतो. नळीसारखी गोल किल्लीही काही यंत्रांच्या आणि पेट्यांच्या कुलपांत अजून दिसते.

दोनशे गिनींचे ते कुलूप आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. ॲलनची झडप, मॉडस्लेचे कडे आणि ब्रामाचे नाव यांचा हिशेब इतिहासाने उशिरा का होईना, पण बराचसा चुकता केला आहे. कार्यालयाच्या दारावरची तेलाची पेटी मात्र कोणाचेच नाव मिरवत नाही. शिडीवर उभा राहून दोन स्क्रू जपून फिरवणारा कारागीर खाली उतरतो, दार उघडून सोडून देतो आणि ते आवाज न करता मिटेपर्यंत थांबतो. एकदा, दोनदा, तीनदा ते तसेच मिटले, की हत्यारांची पिशवी उचलून तो पुढच्या दाराकडे जातो.